मोटर नशिबानं जळत नाही

जळालेली मोटर उघडली की ती कशानं गेली हे मला कास्तकाराला विचारावं लागत नाही. गुंडाळीच सांगते. तिन्ही फेजच्या कॉइल सारख्या काळ्या पडल्या असतील तर मोटर बराच काळ जादा अँपिअर खात चालली होती. व्होल्टेज कमी होतं, नाहीतर लोड जास्त होता. स्टार जोडणीच्या मोटरीत दोन फेज कोळसा झाल्यात आणि तिसरी नव्यासारखी तांबूस आहे, असं दिसलं तर एक फेज तुटली होती आणि मोटर उरलेल्या दोन फेजवर रेटत होती. आणि एकाच कॉइलला एकाच जागी भोक पडलं असेल, बाकी सगळं स्वच्छ असेल, तर तिथलं इन्सुलेशन फुटलं होतं.

आर्वीत माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. आर्वी, कारंजा, आष्टी हा वर्धा जिल्ह्याचा संत्र्याचा पट्टा. हिवाळ्यात गहू-चण्याचं ओलित आणि उन्हाळ्यात बागा जगवण्याची धडपड, या दोन्ही हंगामांत दुकानासमोर मोटरी येऊन पडतात. एप्रिल लागला की त्यांत कूलरच्या मोटरींची भर. मोटर घेऊन येणाऱ्याचा प्रश्न बहुधा एकच असतो : “भाऊ, माहीच मोटर कावून जळते? शेजाऱ्याची तर बरोबर चालते.” मग तोच उत्तरंही देतो. नशीब खराब, लाइन खराब, नाहीतर कंपनी खराब.

मी त्याला उलट दोन प्रश्न विचारतो. मोटर चालू असताना व्होल्टेज किती होतं? अँपिअर किती खात होती? या दोन्हींचं उत्तर बहुतेकांकडे नसतं. पिकाला किती पाणी दिलं, किती पोती खत टाकलं, संत्रा काय भावानं गेला, हे सगळं तोंडपाठ असतं. मोटरीचे दोन आकडे मात्र कुणी पाहिलेले नसतात. विजेचा जवळजवळ सगळा हिशेब या दोन आकड्यांतून निघतो, आणि तो करायला सातवीचा गुणाकार-भागाकार पुरतो.

दोन मोजायचे, दोन काढायचे

व्होल्टेज म्हणजे वीज ढकलणारा जोर. तो व्होल्टमध्ये मोजतात. करंट म्हणजे तारेतून प्रत्यक्ष वाहणारी वीज. ती अँपिअरमध्ये मोजतात. हे दोन्ही मीटरवर थेट दिसतात. उरलेले दोन काढायचे. व्होल्टला अँपिअरनं भागलं की रोध मिळतो, म्हणजे ती वस्तू विजेला किती अडवते ते. त्याचं माप ओहम. व्होल्टला अँपिअरनं गुणलं की पॉवर मिळते, म्हणजे ती वस्तू दर क्षणाला किती वीज वापरते ते. त्याचं माप वॅट. हजार वॅटची वस्तू तासभर चालली की बिलावर एक युनिट चढतं.

बादलीत टाकायचा पाणी तापवायचा रॉड घ्या. त्यावर १५०० वॅट, २३० व्होल्ट असं छापलेलं असतं. तो ६.५ अँपिअर घेतो. २३० ला ६.५ नं गुणा, १४९५ येतात. छापलेला आकडा खरा निघाला. आता भागा. साधारण ३५ ओहम. हा त्या रॉडच्या आतल्या तारेचा रोध.

खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज १९० वर येतं, तेव्हा या रॉडचं काय होतं? तार तीच, म्हणून रोध तोच, ३५ ओहम. १९० भागिले ३५ म्हणजे सुमारे ५.४ अँपिअर. पॉवर झाली १९० गुणिले ५.४, म्हणजे जेमतेम १०२५ वॅट. व्होल्टेज सहाव्या हिश्शानं घटलं, पण पॉवर तिसऱ्या हिश्शानं घटली, कारण जोर कमी झाला की वाहणारी वीजही कमी होते आणि गुणाकारात दोन्हींचा फटका बसतो. वीस लिटरची बादली २५ अंशांवरून ४५ वर न्यायला पुऱ्या व्होल्टेजवर एकोणीस मिनिटं लागत असतील तर १९० व्होल्टवर सत्तावीस लागतील. युनिट दोन्ही वेळा तितकंच, अर्ध्याहून थोडं कमी. म्हणजे कमी व्होल्टेजनं रॉडवाल्याचा वेळ जातो, पैसा जात नाही आणि रॉडही बिघडत नाही.

भागाकाराचा हा नियम गेऑर्ग सिमोन ओहम या जर्मन शिक्षकाचा. वडील कुलूपं घडवणारे कारागीर. त्यांनीच पोराला घरी गणित शिकवलं. ओहम शाळेत शिकवत असताना प्रयोग करायचा. त्या काळच्या बॅटऱ्यांचा जोर चालता चालता उतरायचा, म्हणून मोजमाप जुळत नसे. मग त्यानं दोन धातूंचा सांधा वापरला. एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवलं की त्यातून ठरावीक जोराची वीज मिळते. जोर स्थिर झाला तसा नियम स्पष्ट दिसला. १८२७ साली त्यानं पुस्तक छापलं, तेव्हा मायदेशात फारशी किंमत झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीनं १८४१ मध्ये त्याला कोप्ली पदक दिलं, तेव्हा कुठं त्याचं नाव झालं. मला या कथेत एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ओहमला नियम सापडला, कारण त्यानं आधी मोजमाप पक्कं केलं.

रॉड मुकाट्यानं ऐकतो, मोटर हट्ट धरते

मोटरीचं मात्र तसं नाही. वर्कशॉपमध्ये पाच एचपीच्या मोटरीच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला तर चारेक ओहम दाखवतो. नुसत्या भागाकारानं तिनं शंभर अँपिअर खायला हवेत. पण चालू मोटर खाते साडेसात-आठ. कारण फिरणारी मोटर आपल्याच चुंबकीय क्षेत्रामुळे आत उलटा जोर तयार करते आणि बाहेरच्या जोराला थोपवून धरते. म्हणून चालू मोटरीच्या व्होल्टला अँपिअरनं भागून तारेचा रोध निघत नाही. चिखलानं पंपाचा पंखा जाम झाला आणि मोटर फिरलीच नाही, तर हा उलटा जोर पुरेसा तयार होत नाही आणि करंट सहापट उसळतो. जाम मोटर काही मिनिटांत का जळते, ते यावरून कळतं.

गुणाकारातही मोटरीसाठी दोन गोष्टी जोडाव्या लागतात. तीन फेज असल्यामुळे १.७३ नं गुणायचं आणि पॉवर फॅक्टरनंही गुणायचं. मोटर घेत असलेल्या करंटमधला काही भाग नुसता चुंबकीय क्षेत्र उभं करण्यात येतो-जातो, काम करत नाही. खरं काम किती हिश्शानं होतं ते पॉवर फॅक्टर सांगतो. विहिरीवरच्या मोटरीला तो साधारण ०.८५ धरा. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा पाच एचपी म्हणजे ३७३० वॅट. हे झालं पाणी उचलायला शाफ्टवर मिळणारं काम. मोटरीची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर तारेतून घ्यावे लागतात सुमारे ४६५० वॅट. आता उलटं काढा. ४१५ व्होल्टवर हे वॅट भरायला ७.६ अँपिअर लागतात.

आता व्होल्टेज ३५० वर उतरवा. रॉड असता तर मुकाट्यानं कमी वीज घेऊन कमी तापला असता. पण मोटरीच्या शाफ्टला पंप जोडलेला आहे, आणि विहिरीतलं पाणी तितक्याच उंचीवर चढवायचं आहे. कामाची मागणी जवळपास तीच. जोर कमी झाला तर ती अँपिअर वाढवून भरपाई करते. ४६५० वॅट ३५० व्होल्टवर भरायला ९ अँपिअर लागतात. हिशेब ढोबळ आहे, पण दुकानातल्या टाँग टेस्टरवर, म्हणजे अँपिअर मोजायच्या चिमट्यावर, दिसतं तेही असंच.

साडेसातचे नऊ झाले, त्यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. इथं दुसरा माणूस येतो : जेम्स जूल. मँचेस्टरजवळ सॅलफर्डला त्याच्या घराण्याचा बिअरचा कारखाना होता. १८४० च्या सुमारास तारेत तयार होणारी उष्णता मोजून त्यानं दाखवलं की ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंटला करंटनं गुणा, मग रोधानं गुणा, की तारेतली उष्णता वॅटमध्ये मिळते. ७.६ चे ९ झाले म्हणजे करंट १८ टक्क्यांनी वाढला, पण गुंडाळीतली उष्णता ४० टक्क्यांनी वाढली. एक फेज तुटून मोटर दोन फेजवर चालली तर त्या दोन फेजमध्ये करंट १.७३ पट होतो. त्याचा वर्ग तीन. तिप्पट उष्णता. सुरुवातीला सांगितलेल्या दोन काळ्या फेज इथून येतात.

तांबं आपला ताप स्वतः सांगतं

तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो. हे दुकानात फार कामी येतं. गुंडाळीच्या आत थर्मामीटर घालता येत नाही, पण बाहेरून रोध मोजून आतला ताप काढता येतो. समजा सकाळी ३० अंशांवर थंड मोटरीचा रोध ४ ओहम आला. तासन्‌तास चालवून, बंद केल्याबरोबर, तारा सोडवून पुन्हा मोजला तर ४.८ आला. तांब्यासाठी २३४.५ हा एक ठरलेला आकडा आहे. तो थंड तापमानात मिळवा : २६४.५. रोध जितक्या पट वाढला तितक्यानं गुणा, म्हणजे १.२ नं : ३१७.४. त्यातून २३४.५ वजा करा. उरले सुमारे ८३ अंश. ही गुंडाळीची सरासरी. आत एखादी जागा याहून गरम असतेच.

हाच गुण जुन्या शंभर वॅटच्या बल्बमध्ये टोकाला गेलेला दिसतो. पेटलेला असताना त्याचा रोध ५२९ ओहम. विझलेल्या थंड बल्बला मल्टिमीटर लावा, चाळीसच्या आसपास दाखवेल. कुणी पोरगं म्हणेल नियम चुकला. नियम चुकला नाही, तार बदलली. हजारो अंशांवर ती वेगळीच तार असते.

वर्ध्याच्या मोटरीचं दुखणं या तापापासूनच सुरू होतं. मोटरी सहसा बाहेरची हवा ४० अंशांपर्यंत असेल असं धरून बनवतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणं नवलाचं नाही, आणि टिनाच्या पेटीखाली, उन्हात बसवलेल्या मोनोब्लॉकभोवतीची हवा त्याहून तापलेली. म्हणजे बटण दाबायच्या आधीच मोटर पाच-दहा अंशांनी मागे असते. इन्सुलेशनबद्दल कारागिरांत आणि अभियंत्यांत एक सर्वमान्य अंदाज आहे : नेहमीपेक्षा दहा अंश जास्त तापात राहिलं तर आयुष्य निम्मं. म्हणून मोटरीवर सावली करणं, तिच्या पंख्यापुढची जागा मोकळी ठेवणं ही हौस नव्हे. पाण्यात बुडालेल्या सबमर्सिबलला हा त्रास कमी. ती मरते ते पाणी खाली गेल्यावर कोरडी चालल्यानं.

टेलवरचा कास्तकार

आता ‘शेजाऱ्याची चालते, माझीच जळते’ याकडे येऊ. कालव्याच्या टेलला असलेल्याला पाणी कमी मिळतं हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. डीपीपासून, म्हणजे रोहित्रापासून, लांबच्या वावरात व्होल्टेजची तीच गत. फरक इतकाच की इथं वीज वाटेत झिरपत नाही, तिचा जोर तारेच्या रोधात खर्च होतो.

खांबावरच्या ॲल्युमिनियमच्या तारांना प्राण्यांची नावं आहेत. स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग : खार, मुंगसासारखा दिसणारा एक प्राणी, ससा, कुत्रा. ढोबळमानानं जनावर जितकं मोठं तितकी तार जाड. वीझल तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ०.९ ओहम, रॅबिटचा साधारण ०.५५. आकडा इवलासा वाटतो. ६३ केव्हीएच्या डीपीवर, एक किलोमीटरच्या वीझल लाइनवर, सारख्या अंतरानं पाच एचपीच्या दहा मोटरी आहेत असं धरा. प्रत्येकी ७.६ म्हणजे डीपीपाशी ७६ अँपिअर. पुढे जाता जाता एकेक मोटर आपला वाटा घेते, म्हणून सरासरी निम्मा करंट पूर्ण तारेभर वाहतो असं मानू. ३८ गुणिले ०.९ म्हणजे ३४ व्होल्ट दर फेजला. दोन फेजमध्ये मोजलं तर १.७३ पट, ५९ व्होल्ट. डीपीपाशी ४१५ असले तर टेलवर उरले ३५६. वर ३५० व्होल्टचं जे उदाहरण घेतलं ते मनानं घेतलं नव्हतं. शिवाय व्होल्टेज पडलं की प्रत्येक मोटर जादा अँपिअर मागते, तार आणखी व्होल्ट खाते, आणि टेलवाला आणखी खाली जातो. पहिल्या खांबाजवळच्या शेजाऱ्याची मोटर बरोबर चालते, कारण त्याच्या आणि डीपीच्या मध्ये तारच नाही.

यावर उपाय तीन आहेत, आणि तिन्ही हिशेबातूनच निघतात.

पहिला, कपॅसिटर. मोटरीपाशी योग्य मापाचा कपॅसिटर लावला की तो चुंबकीय क्षेत्रापुरता करंट जागच्या जागी पुरवतो. पॉवर फॅक्टर ०.८५ वरून ०.९५ वर गेला तर तारेवरचा करंट दहा टक्क्यांनी घटतो. मोटर स्वतः पूर्वीइतकीच खाते, पण तार हलकी होते आणि टेलवर व्होल्टेज थोडं वर येतं. एकानं लावून भागत नाही, दहाही जणांनी लावला तर फरक जाणवतो.

दुसरा, ऑटो स्विच काढणं. लाइन आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून पुष्कळांनी स्टार्टरला ऑटो बसवलेला असतो. रात्री लाइन आली की दहाही मोटरी एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटर सहापट अँपिअर मागते. दहांची मागणी साडेचारशे. वरचाच हिशेब केला तर एका फेजच्या २४० पैकी दोनशे व्होल्ट तारेवरच संपतात. अर्थात इतका करंट ती लाइन देऊच शकत नाही. टेलच्या मोटरी नुसत्या गुणगुणतात, उठत नाहीत, तापतात. नाहीतर डीपीचा फ्यूज जातो. आणि मग कुणीतरी फ्यूजच्या जागी जाड तार पिळतो. फ्यूज जाणं हा बिघाड नसतो, इशारा असतो. जाड तारेनं तो इशारा बंद होतो आणि पुढच्या वेळी जळायला डीपीच उरते. आळीपाळीनं, पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं मोटरी सुरू केल्या तर यातलं काही होत नाही.

तिसरा उपाय कास्तकाराच्या हातात नाही, पण कळायला सोपा आहे. व्होल्टेज वाढवलं की तेवढ्याच पॉवरला करंट कमी लागतो. दहा मोटरींची मागणी ४१५ व्होल्टवर ७६ अँपिअर असेल तर ११ हजार व्होल्टवर ती २.९ अँपिअर होते. करंट साडेसव्वीस पट कमी, तर तारेत जळून जाणारी वीज त्याच्या वर्गानं, म्हणजे सातशे पट कमी. महावितरणची एचव्हीडीएस योजना याच गणितावर उभी आहे. उच्चदाबाची लाइन वावरापर्यंत न्यायची आणि एक-दोन पंपांपुरतं छोटं रोहित्र तिथंच बसवायचं. लघुदाबाची लांब तारच राहिली नाही तर टेलही राहत नाही.

वर्ध्याच्या आसपास वावरांतून जाणारे उंच टॉवर हेच मोठ्या मापानं करतात. पॉवरग्रिडचं वर्ध्याचं उपकेंद्र ७६५ केव्हीचं आहे, म्हणजे सात लाख पासष्ट हजार व्होल्टचं. छत्तीसगडच्या कोळसापट्ट्यातली वीज रायपूरकडून ७६५ केव्ही लाइनीनं इथं येते. इथून तेव्हाच्या औरंगाबादकडे बांधलेली लाइन सुरुवातीला ४०० केव्हीवर चालवण्यासाठी, पण पुढे १२०० केव्हीवर नेता येईल अशा ताकदीची उभारली गेली. एवढा अट्टहास कशासाठी? दोन हजार मेगावॅट वीज ४०० केव्हीवर न्यायची तर सुमारे २९०० अँपिअर लागतात. ७६५ वर लागतात दीड हजार. तारेतलं नुकसान साडेतीन पटीहून जास्त घटतं. विहिरीवरच्या मोटरीला लागू होणारा जूलचा नियमच तिथंही लागू होतो. टॉवर उंच असतात आणि त्यांच्याखाली घर बांधू देत नाहीत, कारण एवढ्या व्होल्टेजला हवेचं भरपूर अंतर लागतं.

कूलर आणि ओले पाय

सगळ्यांत महत्त्वाचा भागाकार मोटरीचा नाही, माणसाचा आहे.

विदर्भात कूलर नसलेलं घर विरळा. लोखंडी पत्र्याचा डबा, आत पंखा, पंप, तिन्ही बाजूंना ओल्या जाळ्या आणि खाली टाकीभर पाणी. म्हणजे वीज, पाणी आणि लोखंड एकाच डब्यात. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यांत लहान पोरं असतात. पंपाच्या वायरचं आवरण उंदरानं कुरतडलं किंवा पाण्यानं सडलं की डब्यात २३० व्होल्ट उतरतात.

आता भागाकार करा. पायांत रबरी चप्पल, कोरडे हात, कोरडी फरशी असेल तर माणसातून जमिनीपर्यंतचा एकूण रोध लाखो ओहम असू शकतो. तेव्हा करंट एक-दोन मिलिअँपिअर, म्हणजे नुसती मुंगी चावल्यागत झिणझिणी. तोच माणूस अनवाणी, ओल्या फरशीवर, ओल्या हातानं डब्याला लागला तर रोध उतरतो हजार ओहमच्या आसपास. २३० भागिले १००० म्हणजे २३० मिलिअँपिअर. दहा मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आवळले जातात आणि सोडू म्हटलं तरी हात सुटत नाही. पन्नास-शंभरच्या पुढे काही क्षणांत हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो.

घरात एमसीबी आहे, असं लोक म्हणतात. सोळा अँपिअरचा एमसीबी सोळा अँपिअरच्या पुढे पडतो. माणसाला मारायला पाव अँपिअरही लागत नाही. एमसीबी वायर वाचवायला असतो, माणूस वाचवायला नाही. माणूस वाचवतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. गेलेली आणि परत आलेली वीज तो सतत ताडून पाहतो. फरक ३० मिलिअँपिअर झाला की क्षणार्धात लाइन तोडतो.

आर्थिंगलाही हाच भागाकार लावा. कूलरच्या डब्याला चांगलं आर्थिंग जोडलेलं असेल आणि जमिनीपर्यंतचा एकूण रोध पाच ओहम असेल, तर डब्यात वीज उतरताच ४६ अँपिअर जमिनीत जातात आणि एमसीबी पडतो. पण रोध शंभर ओहम झाला असेल तर जातात फक्त २.३ अँपिअर. एमसीबीला पत्ताही लागत नाही आणि डबा जिवंत राहतो. आमची काळी माती ओली असताना वीज छान वाहून नेते. मे महिन्यात तिला हात-हात भेगा पडतात, माती सळईपासून सुटते आणि रोध चढतो. कूलर सर्वांत जास्त चालतात त्याच महिन्यात आर्थिंग सर्वांत कमजोर असतं. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात ते ओल धरून राहावी म्हणून. उन्हाळ्यात रोज एक बादली पाणी तिथं ओता. आणि कूलरमध्ये पाणी भरण्याआधी प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये पुष्कळदा बटण न्यूट्रलवर असतं आणि फेज आत तशीच राहते.

मोजायला काय लागतं?

टाँग टेस्टर हजार-दीड हजार रुपयांत मिळतो. त्याचा चिमटा एका वायरभोवती धरायचा. वायर तोडावी लागत नाही, उघडी करावी लागत नाही, अँपिअर समोर दिसतात. एकदा मोटर भरायला जो खर्च येतो, त्यात असे दोन-चार टेस्टर येतील. गावातल्या दहा जणांनी मिळून एक घेतला तरी पुरतो. उघड्या टर्मिनलवरचं व्होल्टेज मात्र जाणत्या वायरमनकडूनच मोजून घ्या.

घरात तर तेवढाही खर्च नको. भिंतीवरच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक हे छापलेलं असतं. पुष्कळ मीटरवर तो आकडा ३२०० असतो. घरातलं सगळं बंद करून फक्त कूलर चालू ठेवा आणि मिनिटभर मोजा. दहा वेळा लुकलुकला तर दहा गुणिले साठ, भागिले ३२००, म्हणजे ०.१८८ किलोवॅट. तुमचा कूलर १८८ वॅट घेतो. बारा तासांचे सव्वादोन युनिट. रॉड लावून पाहा, तोच दिवा मिनिटाला ऐंशी वेळा लुकलुकेल.

हे मी शिक्षकांसाठी मुद्दाम लिहितोय. हातानं काम करता करता गणित आणि विज्ञान शिकवायचं, ही नयी तालीमची कल्पना १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये आमच्या वर्ध्यातच, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षण परिषदेत मांडली गेली. तेव्हा साधन टकळी होतं. राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा आहे. त्यातली उदाहरणं फळ्यावर सोडवाच, पण पोरांना एक रविवार घरचा मीटर मोजायला लावा. ज्या घरात मिनिटाला किती लुकलुक होते हे पोरीला माहीत आहे, त्या घरचं बिल कुणी आंधळेपणानं भरणार नाही.

कास्तकारांना एकच सांगणं. नवी किंवा नुकतीच भरलेली मोटर बसवली, पाणी नीट पडायला लागलं, की त्याच दिवशी तिचे व्होल्ट आणि तिन्ही फेजचे अँपिअर मोजा आणि स्टार्टरच्या पेटीच्या आतल्या बाजूला रंगानं लिहून ठेवा. महिन्यातून एकदा पुन्हा मोजा. व्होल्टेज तेच आणि अँपिअर वाढले, तर बेअरिंग किंवा पंप अडतोय. व्होल्टेज उतरलं म्हणून अँपिअर वाढले, तर लाइनीचं दुखणं आहे. तेव्हा मोटर थांबवा आणि आकडे लिहून तक्रार करा. ‘लाइन खराब आहे’ या तक्रारीला कुणी विचारत नाही, ‘टेलवर ३४० व्होल्ट आहेत’ या तक्रारीला उत्तर द्यावं लागतं. तीन फेजचे अँपिअर एकमेकांशी जुळेनासे झाले, तर पाणी देणं त्याच दिवशी बंद करा आणि वायरमनला बोलवा. इतकं केलंत तर माझ्या दुकानातलं गिऱ्हाईक कमी होईल, आणि त्याला माझी हरकत नाही.